वाडग्यावरची शीग

१

त्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. टेकडीवरची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरली होती, कोकरं आयांना ढुशा देत होती, आणि दुपार कलायच्या आत समुद्राकडून धुकं चढलं. असं धुकं ऐन उन्हाळ्यातच येतं. आधी खालची शेतं जातात, मग रस्ता, मग शेजारच्या घराचं धुराडं, आणि शेवटी आपल्याच अंगणातली बादली दिसेनाशी होते. अंगाभोवती कोणी ओलं फडकं गुंडाळावं तसा गारवा. आवाजांचं तर काही विचारू नये. लांबचे जवळ येतात, जवळचे लांब जातात.

गिडिअन पर्विस उंबऱ्यात बसून कोबीची पानं निवडत होता. सगळा जन्म त्यानं गडगे घालण्यात काढला होता. चुना नाही, चिखल नाही, दगडावर नुसता दगड बसवायचा आणि तो शंभर वर्षं हलता कामा नये. व्हिनीरिगच्या कुरणांचे बहुतेक गडगे त्याच्याच हातचे. एकदा दगड घसरून उजवा पाय अधू झाला, तेव्हापासून तो घरीच होता. हिवाळ्यापासून बायको बेथिया छातीच्या दुखण्यानं निजून होती, म्हणून घरकामही त्याच्याकडे आलं होतं. राख काढायची, पाणी आणायचं, ओटच्या पिठाची पेज करायची, मीठ घालायचं आणि तिच्याकडून बोलणी खायची.

"म्हाताऱ्या, राख दाराशी ओतलीस ना? वाऱ्यानं सगळी घरात येणार," आतून बेथिया म्हणाली, आणि खोकली. तिचा खोकला गिडिअन हजारांत ओळखला असता. दोन आखूड ढास, मग एक लांबलचक, आणि शेवटी 'हं' असा हुंकार. जशी काही खोकल्यालाच दटावते आहे.

भिंतीत बसवलेला पलंग होता, त्याची लाकडी दारं ती दिवसा उघडी ठेवायला सांगे. चूल दिसायला हवी म्हणे. चूल दिसायला हवी आणि नवरा काय चुकतो तेही.

ते वर्ष वाईट होतं. मागच्या हंगामात ओट शेतातच काळे पडले होते आणि नवं पीक निघायला दोन महिने अवकाश होता. पिठाच्या पेटीत हात घातला की नखं लाकडाला लागत.

"गिडिअन," कोणीतरी हाक मारली.

समोर एक बाई उभी होती. डोक्यावरून घेतलेली शाल धुक्याच्याच रंगाची. वय सांगता आलं नसतं. ओळखीची वाटत होती, पण जिला नाव जोडता येत नाही अशी ओळख. ती म्हणाली, "वाडगंभर पीठ उसनं देतोस?"

धुक्यात अनोळखी माणूस उसनं मागायला आलं तर काय करायचं, हे त्या भागात पोरं चालायला लागली की शिकतात. नाही म्हणायचं नाही. नाव विचारायचं नाही. नजर खाली ठेवायची आणि ठरलेले शब्द बोलायचे. गिडिअन कधी याला घाबरला नव्हता, कधी हसलाही नव्हता. आपण उंबरा ओलांडताना मान वाकवतो, तसंच हे. त्यानं पेटीचा तळ खरवडून लाकडी वाडगं भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं, आणि खाली बघत म्हणाला, "घ्या, सीली मंडळी. सपाट भरलंय. सपाटच परत द्या."

तिनं हात पुढे केला. मनगटावर जुनी भाजल्याची खूण होती, चुरगळलेल्या कापडासारखी. वाडगं हातात घेऊनही ती क्षणभर गेली नाही. काही सांगायचं असावं. मग धुकं जरासं हललं आणि उंबऱ्यापुढे कोणी नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. वाडगं दाराबाहेरच्या दगडावर ठेवलेलं होतं. शिगेनं भरलेलं. इतकी शीग की त्यावर आणखी चिमूट ठेवली असती तर घरंगळली असती. पीठ पांढरं, मऊ, कुठल्या गिरणीत असं दळतात कोण जाणे.

आता इथं दुसरा नियम. सीली लोक, म्हणजे धुक्यातून येणारे ते, भले. घेतलेलं ते कधी बुडवत नाहीत, उलट वाढवूनच देतात. म्हणून आपण हात फिरवून शीग तिथंच दगडावर उतरवायची, आपलं तेवढं आत घ्यायचं. बेथियाची आई तसं करी, बेथिया तसं करी. का, असं कोणी विचारलं नाही.

गिडिअननं हात वर धरलाही. तेवढ्यात आतून बेथिया खोकली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "म्हाताऱ्या, भूक लागली रे."

कित्येक दिवसांत तिनं हे म्हटलं नव्हतं. रोज दोन घास भरवायला तो तासभर बसे. त्याचा हात शिगेवर तसाच राहिला. त्यानं स्वतःशी विचार केला की कालची ती कुणीतरी कापणीच्या आशेनं आलेली मजूर बाई असेल, चार घरं पुढे उतरली असेल. चांगल्या घरची असेल. दिलं तिनं जास्त, तर भुकेल्याच्या तोंडचं दगडावर का ओतायचं?

त्यानं सगळंच पेटीत ओतलं.

३

त्या दिवसापासून बेथियाला उतार पडला.

आधी ती उठून बसली. मग भिंतीला धरून चुलीपर्यंत आली. रविवार उजाडला तेव्हा सूत काढायच्या चाकाशी बसली होती आणि चाक असं गुंजत होतं की रस्त्यानं जाणारा थांबावा. गालांवर रंग आला. खोकला गेला. पूर्णच गेला, एक ढासही नाही. पेटीतलं पीठ रोज काढूनही कमी झाल्यासारखं दिसेना, पण गिडिअनला मोजमापाची सवय नव्हती आणि ते बघायचीही त्याला इच्छा नव्हती. तो दाराआड जाऊन रडला आणि देवाचे आभार मानून आला.

शेजारीण क्रिस्टी व्हाइटलॉ बघायला आली. विधवा बाई, जिभेची तिखट, पण हिवाळाभर रोज दुधाचा पेला आणून देणारी. ती बेथियाकडे बराच वेळ बघत राहिली आणि जाताना गिडिअनला म्हणाली की तू असा काय वैद्य निघालास, माझ्या गुडघ्यांकडेही बघ जरा. दोघं हसली. दाराबाहेर गेल्यावर मात्र क्रिस्टीचं हसू लगेच मावळलं, हे त्याला दिसलं.

त्याच संध्याकाळी तो घरामागे कोबीला पाणी घालत होता. त्या दिवसांत संध्याकाळ संपता संपत नाही, आभाळ दुधासारखं उजेडाचं राहतं. घरात चाक गुंजत होतं. आणि कुरणाच्या बाजूनं, लांबून, खोकला आला.

दोन आखूड ढास. एक लांबलचक. हं.

गिडिअनच्या हातातली बादली तिथंच राहिली. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. मेंढी खोकली असणार. मेंढी हुबेहूब माणसासारखी खोकते, नवा मेंढपाळ पहिल्या रात्री घाबरतोच. तो परत पाणी घालू लागला. पण मेंढी 'हं' करत नाही, हेही त्याला माहीत होतं.

४

नंतरचे दिवस त्यानं कान देऊन काढले. रोज संध्याकाळी खोकला येई, कधी जवळून, कधी लांबून. घराच्या भिंतीवरून आवाज उलटत असेल म्हणून त्यानं स्वतः खोकून पाहिलं. उलटला नाही. मेंढ्यांचा कळप वरच्या टेकडीवर गेला तेव्हा त्याला हायसं वाटलं, आता येणार नाही. त्या संध्याकाळीही आला. उलट स्पष्ट आला.

आवाजाचा माग काढत तो कुरणाकडे गेला. आवाज गडग्याच्या बाजूनं येत होता, जिथं मेंढ्यांना जा-ये करायला तळाशी चौकोनी भोक सोडलं होतं. ते भोक त्यानंच सोडलेलं. लग्नाला वर्ष होत होतं तेव्हाचा गडगा. बेथिया त्याला भरीचे बारके दगड हातात देत होती, एक निसटला आणि तिची डावी करंगळी चेचली. ती वाकडीच सांधली. ती म्हणायची, हा गडगा पडला तर माझी करंगळी परत मागेन.

गडग्यापाशी कोणी नव्हतं. पलीकडे डोकावलं, तिथंही गवत होतं फक्त.

घरी आला तेव्हा बेथिया भाकरी थापत होती. दोन्ही हात पिठात. गिडिअन तिच्या हातांकडे बघत उभा राहिला. डावी करंगळी इतर बोटांसारखी सरळ होती.

तिनं वर पाहिलं आणि गोड हसली. "बैस ना, गिडिअन. दमलास."

तो बसला. राख मुद्दाम दाराशी ओतून आला होता, सकाळपासून ती वाऱ्यानं घरात येत होती. बेथिया चिडली नाही. फडक्यानं पुसून घेतली. बरी झाल्यापासून एकदाही तिनं त्याला म्हाताऱ्या म्हटलं नव्हतं.

"तुझी करंगळी," तो म्हणाला. 

तिनं बोटं उजेडात धरली, वळवून पाहिली, जशी दुसऱ्याच्या हाताची बघावी. "सगळंच बरं झालंय," ती म्हणाली. मग त्याच्याजवळ येऊन, पिठाचे हात एप्रनला पुसून, त्याच्या दुखऱ्या पायावर हळूच तळवा ठेवला. "तुला आवडलं नाही का, मी बरी झाले ते?"

तिच्या डोळ्यांत माया होती. खोटेपणा शोधूनही सापडला नाही. त्याचंच गिडिअनला भय वाटलं. तळव्याच्या ऊबेनं पायातली कळ थांबली, आणि त्यानं पाय मागे घेतला.

बाहेर, कुरणाकडून, खोकला आला. बेथियानं तो ऐकला. त्याला खात्री होती की ऐकला, कारण तिनं मान किंचित कलती केली. आणि मग चाकाशी जाऊन बसली.

५

रविवारी चर्चमधून येताना तो मुद्दाम मागे राहिला आणि क्रिस्टीबरोबर चालू लागला. सरळ विचारायला धीर होईना, म्हणून आधी दुधाचं, मग गुडघ्यांचं बोलणं झालं. क्रिस्टीनंच शेवटी विषयाला तोंड फोडलं. म्हणाली, "शीग उतरवली नव्हतीस ना?"

त्यानं 'नव्हती' अशी मान हलवली.

क्रिस्टी काही शिव्या देणार असं त्याला वाटलं होतं. तिनं चाल मंद केली. मग तिनं सांगितलं की तिची धाकटी बहीण ग्रिझेल लहान असताना तापानं फणफणली होती. ते वर्षही उपासाचंच. त्यांच्या दारी धुक्यात कोणी आलं, वाडगं घेऊन गेलं, भरून परत आणलं, आणि आईनं शीग ठेवून घेतली. ग्रिझेल बरी झाली. अशी बरी झाली की उकळतं पाणी सांडून मनगटावर भाजल्याची खूण होती, तीही गेली. आता ती डन्स गावी असते, पोरंबाळं आहेत, गोड बोलते, सगळ्यांना हवीशी आहे. "आई मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी प्यायली नाही," क्रिस्टी म्हणाली. "आणि का, ते कोणाला सांगू शकली नाही."

गिडिअनच्या डोळ्यांपुढे शालीतून आलेला हात आला. त्याच्या तोंडाशी शब्द आले, पण बहिणीला काय सांगणार? तो चालत राहिला.

"त्यानंतर धुकं पडलं की दार वाजायचं," क्रिस्टी रस्त्याकडे बघत बोलत होती. "आई आत जाऊन बसायची. वाडगं मी द्यायचे. शब्द बोलायचे. नजर वर केली नाही कधी. अजून वाजतं एखादेवेळी."

तो म्हणाला, पण ती भली माणसं आहेत ना. नावच तसं आहे.

क्रिस्टी हसली, पण ते हसू बरं नव्हतं. पाद्रीबाबा सांगतात तसं तिनं सांगितलं, की सीली हा फार जुना शब्द, त्याचा अर्थ धन्य, सुखी, देवाच्या आशीर्वादातला. ते खरंच असेल. पण तिची आजी म्हणे की अनोळखी कुत्रं अंगावर आलं की आपण त्याला राजा, राजा म्हणतो, ते काय राजा असतं? त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली खपत नाही, म्हणून धन्य म्हणायचं. म्हणत राहिलं की तसे वागतात.

"आणि हाच शब्द आजी कोकराला लावायची," ती पुढे म्हणाली. "आईनं टाकलेलं, थंडीत कुडकुडणारं असेल ना, त्याला उचलून चुलीशी घ्यायची आणि म्हणायची, सीली गं माझं. मी विचारलं, आजी, यात धन्य काय आहे? तर म्हणाली, पूर्वी धन्य म्हणायचे आणि बिचारंही म्हणायचे, एकाच तोंडानं."

मग गिडिअननं विचारलं, शीग परत करता येते का.

क्रिस्टी थांबली. त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "घरात आहे ती चांगली आहे, गिडिअन. हसते, खाते, तुझी काळजी घेते. दुसरी आणलीस तर ती हिवाळा काढणार नाही. तुला ठाऊक आहे हे."

"ती खोकतेय बाहेर," गिडिअन म्हणाला. "गारठ्यात."

त्यावर क्रिस्टीनं डोळे पुसले आणि सांगितलं. धुकं पडेल तेव्हा जायचं, जिथून हाक येते तिथं. शीग तिथं उतरवायची. "पण होती तेवढीच. तुझ्या चांगुलपणाला आवर घाल. मूठभरही वर घालू नकोस. त्यांना दिलेलं ते ठेवून घेत नाहीत रे. वाढवून परत करतात."

६

मग धुक्याची वाट बघणं आलं. आणि ऊन पडत राहिलं. लोक खूश होते, ओट उभे राहत होते. गिडिअन सकाळी उठून आधी समुद्राकडे बघे. घरात बेथिया त्याला गोडधोड करून घाली, रात्री त्याच्या पायावर हात ठेवायला बघे. तो पलंगाच्या कडेला अंग चोरून निजे. खोकला रोज थोडा बारीक होत चालला होता. एका संध्याकाळी 'हं' आलंच नाही, नुसता खोकला आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं चढलं.

त्यानं तेच वाडगं घेतलं, पेटी उघडली. पेटी भरलेली होती. त्यानं वाडगं सपाट भरलं, मग वर शीग केली, जशी त्या दिवशी होती तशी. आठवून आठवून केली. आणि मग त्याचा हात अडखळला. इतके दिवस आपण यातलं खाल्लं. पेज खाल्ली, भाकरी खाल्ली. शीग एक दिवसाची होती, खाल्लं महिनाभराचं. कोणाचं खाऊन तेवढंच मोजून परत द्यायचं, हे त्याला कधी जमलं नव्हतं. गडगा घालतानाही तो ठरल्यापेक्षा हातभर जास्तच घाली. आणि समजा, शीग थोडी कमी भरली असली आणि त्यामुळे बाहेरची सुटली नाही तर? त्यानं एक मूठ वर घातली. हळूच, घरंगळू नये म्हणून हातानं दाबून.

चाक थांबलं होतं. बेथिया त्याच्याकडे बघत होती. "देताना तुझा हात सैलच," ती कौतुकानं म्हणाली.

तो बाहेर पडला.

कुरणात पायाखालचं गवतही दिसत नव्हतं, पण गडग्याचा दगड न् दगड त्याच्या हाताला ठाऊक होता. एक हात गडग्यावर, एका हातात वाडगं, असा तो भोकापाशी आला. गुडघ्यावर बसला. पाय ठणकला. त्यानं वाडगं भोकाच्या तोंडाशी धरलं आणि कोपरापासूनचा हात फिरवला. शीग सगळी पलीकडे गेली. पडल्याचा आवाज झाला नाही.

"घ्या तुमचं," तो म्हणाला. "माझं मला द्या."

काही नाही. धुकं नुसतं थेंबथेंब होऊन दगडावरून ओघळत होतं. मग अगदी जवळ, दगडाच्या पलीकडे, दोन आखूड ढास, एक लांबलचक. आणि भोकातून एक हात आला. कातडी ढिली, नखं निळी, करंगळी वाकडी.

गिडिअननं तो धरला. ओढला. हात येईना. कोणी अडवत नव्हतं, त्या हातातच बळ नव्हतं. म्हणून त्यानं वाडगं खाली ठेवलं, मान वाकवली आणि खांद्यापर्यंत त्या भोकात शिरला. मग कमरेपर्यंत. मग पाय ओढून घेतला.

पलीकडे कुरण नव्हतं असं म्हणता येणार नाही. गवत होतं, गडगा होता. पण गडग्याला पाठ लावून माणसं बसली होती, धुक्यात जिथवर दिसेल तिथवर. शाली पांघरलेली, थकलेली, दुखणाईत माणसं, आजाऱ्याला उन्हात आणून बसवतात तशी. प्रत्येकाच्या मांडीवर वाडगं. वाडगी रिकामी. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एकीनं वर पाहिलं. तिच्या मनगटावर खूण होती. ती त्याच्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको, अशी, आणि तिचे ओठ हलत होते.

गिडिअननं आणखी बघितलं नाही. त्यानं बेथियाला कमरेत धरलं. ती कोकरासारखी हलकी झाली होती.

"उशीर केलास, म्हाताऱ्या," ती म्हणाली.

तो हसत होता की रडत होता ते त्याला कळेना. तिला पुढे घालून तो भोकातून परत सरपटला. ती त्यातही म्हणाली, "राख कुठं ओततोस हल्ली?"

७

उतारावरून यायला वेळ लागला. तिला दर दहा पावलांवर थांबावं लागे. त्यानं आपला कोट तिच्या अंगावर घातला. हिवाळा काढणार नाही म्हणे. न काढो. आपल्या पलंगावर, आपल्या चुलीसमोर निजेल, मनासारखी बोलणी ऐकवील, आणि तो हात धरून बसेल. आणखी काही त्याला नको होतं. चाकाशी बसलेलीचं काय झालं असेल, हा विचार मात्र जात नव्हता. वाडगं कुरणातच राहिलं, हे त्याला अंगणाशी आल्यावर आठवलं.

खिडकीत उजेड होता.

चाक गुंजत होतं. आणि त्याच्या तालावर आत कोणीतरी शीळ घालत होतं. पुरुषाची शीळ. गडगा घालताना गिडिअन हीच शीळ घाली, पुढचे दात पडले तेव्हापासून ती त्याला जमत नव्हती. खिडकीपुढून सावली गेली. चुलीकडे गेली, परत आली. दोन्ही पाय सारखे टाकत, तरण्या माणसासारखी.

गिडिअन अंगणात उभा राहिला. वर घातलेली एक मूठ त्याला हाताला जाणवत होती. दाबून बसवलेली.

तो दाराशी गेला नाही. कडीला हात लावायचा तर आतून दार उघडेल, आणि उघडणारा त्याच्याकडे मायेनं बघेल, बसा म्हणेल. ते त्याच्यानं सोसवलं नसतं.

"कोण आहे रे आपल्या घरात?" बेथियानं विचारलं.

"पाहुणे," तो म्हणाला.

"मला काही खायला दे मग कुठून तरी. पाय गेले माझे."

शेजारचं धुराडं दिसत नव्हतं, पण धुराचा वास येत होता. बेथियाला धरून तो क्रिस्टीच्या दाराशी आला. क्रिस्टी हिवाळाभर दूध देत आली होती. क्रिस्टीला सगळं ठाऊक होतं. क्रिस्टी ओळखेल. त्यानं दार वाजवलं.

आत पावलं आली आणि थांबली.

"क्रिस्टी," तो म्हणाला, "मी आहे. वाडगंभर पीठ उसनं देतेस?" बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण कोणते शब्द वापरले. दुसरे काही तोंडात आलेच नव्हते.

आतली पावलं मागे गेली. मग पेटीचं झाकण वाजलं. मागे बेथिया खोकली. दोन आखूड ढास, एक लांबलचक, आणि 'हं'. ते ऐकून दाराआड कोणाचा तरी श्वास अडकला. गिडिअनला वाटलं, ओळखलं. आता दार उघडून बाहेर येईल, काहीतरी खोचक बोलेल, आणि दोघांना आत घेईल.

दाराची वरची फळी उघडली. वाडगं धरलेले दोन हात बाहेर आले. पिठावरून हात फिरवलेला दिसत होता. त्यानं वाकून तिच्या तोंडाकडे पाहायचा प्रयत्न केला. क्रिस्टीची मान खाली होती. डोळे तिनं घट्ट मिटून घेतले होते, आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहत होतं.

"घ्या, सीली मंडळी," ती म्हणाली. "सपाट भरलंय. सपाटच परत द्या."